चारशे वर्षं उभं राहिलेलं घर

मी फ्रान्सला जाऊन आले आणि पॅरिस पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पॅरिसमध्ये पाऊल पडलं ते आपल्या वकिलातीच्या दारापर्यंत, आणि तेही उसन्या बुटांत. अकोल्याला परतल्यापासून जो भेटतो तो टॉवरचे फोटो मागतो. फोटो नाहीत. माझ्याजवळ फक्त एका घराची हकिगत आहे.

आम्ही दोघी गेलो होतो. मी आणि माझी मोठी नणंद, वत्सलाताई. मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं अनुरेखक होते. अभियंत्यांनी काढलेले नकाशे ट्रेसिंग कागदावर जसेच्या तसे उतरवायचे, हे माझं काम. ताई वलगावच्या. सहा एकर शेती आणि दोन म्हशी एकटीनं सांभाळणारी बाई. अमरावतीच्या पलीकडे त्या आयुष्यात दोनदा गेल्या होत्या, दोन्ही वेळा नागपूरला, दीक्षाभूमीवर. माझी मुलगी मीनल उत्तर फ्रान्समधल्या एका लहान शहरात विद्यापीठात संशोधन करते. तिनं आत्याचंही तिकीट काढलं आणि म्हशी शेजाऱ्याकडे गेल्या.

शहराचं नाव मी लिहीत नाही. ज्यांचं गेलं ती माणसं अजून सावरताहेत, त्यांना पाहुणे नकोत.

शनिवार

एप्रिल महिना होता. अकोल्यात डांबर मऊ झालेलं सोडून आम्ही निघालो होतो आणि इथे स्वेटरावर शाल घेऊनही दात वाजत होते. मीनलनं आम्हाला स्टेशनवरून चालतच नेलं. एका बोळातून बाहेर पडलो आणि समोर तो चौक उघडला.

मी बॅग खाली ठेवली. चारही बाजूंनी घरांची सलग ओळ, सगळी एकाच उंचीची, लाल विटांची, कोपऱ्यांना पिवळसर दगड. खाली कमानींचा व्हरांडा, वर काळ्या पाटीच्या दगडाची उतरती छपरं. एका घराची खिडकी जिथे, तिथेच शेजारच्या घराची खिडकी. मध्ये पट्टी धरून रेघ मारली तर चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेघेत यावी. मी आयुष्यभर रेघा ओढल्या, पण इतकी सरळ ओळ विटांमध्ये पाहिली नव्हती. बांधलं कधी, तर सतराव्या शतकात. आपल्याकडे शिवकाळ होता तेव्हा.

मीनल राहायची ते घर या ओळीतच होतं. दाराशेजारी पितळी पाटी होती. मीनलनं वाचून दाखवली: संरक्षित वास्तू.

"म्हंजे काय करतात?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे आत्या, याला कोणी हात लावायचा नाही. खिडकीचा रंग बदलायचा तरी सरकारची परवानगी. खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं."

"मंग दोरी कुठं बांधतं वं कपड्याची?"

"नाही बांधत."

ताईंनी त्या घराकडे पुन्हा एकदा पाहिलं. यावेळी जरा दयेनं.

लाकडी जिना गोल फिरत वर जात होता. मीनलची खोली छपराखाली, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या बरोब्बर खाली, दुसऱ्या मजल्यावर मादाम ओडिल राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, केस कापसासारखे, पाठ ताठ. लग्न होऊन त्या या घरात आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. मीनलला ताप आला की सूप घेऊन वर यायच्या, एवढं मला फोनवरून माहीत होतं.

रविवारी मादामनी आम्हाला जेवायला बोलावलं. पहिल्यांदा सूप, मग मासा, मग नुसतंच सॅलड, मग चीज. एकेक पदार्थ संपल्यावर दुसरा. ताईंना वाटलं जेवण सुपावरच आटोपलं, म्हणून त्यांनी चार वाट्या सूप घेतलं. चीज समोर आलं तेव्हा ताईंनी वास घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"सुनंदा, हे नासलं हाय. म्हातारीले दिसत नसन."

"ताई, ते तसंच असतं."

"तसंच असते त फेकून काहून नाई देत?"

मादामना भाषा कळली नाही, चेहरा कळला. त्या हसून हसून खोकल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी वलगावहून आणलेल्या कुरड्या तळून खाली नेल्या. तेव्हापासून ताई सकाळ-दुपार मादामच्याच घरी. चौकाकडच्या खिडकीशी दोन खुर्च्या टाकून दोघी शेंगा सोलत बसायच्या. एक वऱ्हाडीत बोलायची, दुसरी फ्रेंचमध्ये. कोणीच थांबायचं नाही.

सोमवार

त्याच सोमवारी दुपारी मी ताईंना चहासाठी बोलवायला खाली उतरत होते. जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भिंतीला एक चीर दिसली. तिरपी, हातभर लांब. जुन्या घराला चिरा असायच्याच. पण जुन्या चिरेच्या कडा मळलेल्या असतात, आत जाळी, धूळ, रंगाचे थर. या चिरेच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. ताज्या.

वऱ्हाडातल्या माणसाला चिरा कळतात. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते, आणि वरचं घर तिच्याबरोबर श्वास घेतं. अशा वेळी चीर जुनीच आहे की वाढते आहे, हे पाहायला तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवतात. मी मीनलकडून थोडी कणीक घेतली, खळ शिजवली, पट्टी लावली आणि पेनानं लिहिलं: सोमवार, दुपारी चार.

मीनल घाबरली. "आई, हे संरक्षित आहे! भिंतीला काही चिकटवायचं नसतं."

"कागद आहे गं. ओल्या फडक्यानं निघेल."

"चारशे वर्षं उभं आहे हे घर."

मी काही बोलले नाही. न बोलण्याची मला सवय होती. एकदा, नोकरीला लागून बरीच वर्षं झाली असताना, एका गावच्या समाजमंदिराचा नकाशा उतरवताना मला व्हरांड्याचा स्लॅब नको तितका बाहेर आलेला वाटला होता. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुमी रेषा वढा." मी ओढल्या. दुसऱ्या पावसाळ्यात तो व्हरांडा खाली आला. सुदैवानं माणूस मेला नाही, पण एका बाईचा पाय कायमचा गेला. त्या बाईला मी कधी भेटले नाही. तिचं नाव मात्र मला पाठ आहे.

मंगळवारी सकाळी पट्टी शाबूत होती. संध्याकाळी तिच्यावर सुरकुती पडली होती, ओढल्यासारखी तिरपी. मीनलनं घरमालकाच्या एजंटला फोन लावला. त्यांनी शुक्रवारी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं.

बुधवार

सकाळी आठला मी दूध आणायला निघाले. पट्टी मधोमध फाटली होती. दोन तुकड्यांमध्ये माझं करंगळीचं टोक जाईल एवढी फट होती, आणि त्या फटीतून गार हवा येत होती.

मी जिन्यावरच बसले. तेवढ्यात खालून ताईंची हाक आली. त्या मादामच्या दाराला खांदा लावून उभ्या होत्या. दार आतून उघडत नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत ते बोटानं सरकत होतं. ताईंनी दोन धडका दिल्या तेव्हा उघडलं. आत मादाम हसत उभ्या होत्या, आणि हातवारे करून लाकूड फुगलंय असं काहीसं सांगत होत्या.

ताई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी भिंतीला कान लावला.

"सुनंदा, इकडं ये. आयक."

मी कान लावला. आत, गिलाव्याच्या मागे, काहीतरी झरत होतं. थांबायचं, पुन्हा झरायचं.

"जवारीच्या पोत्याले भोक पडल्यावानी," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "हे घर रितं होऊन राहिलं आतून."

मी वर धावले. मीनल लॅपटॉप भरत होती.

"मीनल, अग्निशमनवाल्यांना फोन कर. आत्ता."

"आई, एजंट शुक्रवारी..."

"शुक्रवारी नाही. आत्ता."

"आणि काही नसलं तर? आई, मी इथे परकी आहे. उगाच हाकाटी केली म्हणून..."

"काही नसलं तर माझं नाव सांग. म्हण, आईला वेड लागलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज चढलेला तिनं जन्मात ऐकला नसेल. तिनं फोन लावला.

मला वाटलं होतं, दोनचार ठिकाणी फिरवतील, अर्ज द्या म्हणतील. पंधरा मिनिटांत लाल गाडी चौकात उभी होती. पुढे एक बाई अधिकारी, चाळिशीची, जाड कोट घातलेली. ती माझ्या पट्टीजवळ थांबली, देवनागरी अक्षरांकडे पाहून मीनलला काहीतरी विचारलं. मीनलनं सांगितलं: आईनं परवा लावली, काल अखंड होती, आज फाटली. त्या बाईनं हातमोजा काढला, फटीत बोट घातलं आणि तसंच ठेवलं. तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. मी कोण, माझं शिक्षण काय, मला अधिकार काय, यातलं एक अक्षर तिनं विचारलं नाही. मला त्याचा इतका धक्का बसला की डोळे भरून आले, आणि डोळे पुसायला वेळ नव्हता, कारण ती ओरडत होती.

"सगळे बाहेर! काही घेऊ नका!"

दारं वाजली. पहिल्या मजल्यावरचं जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन उतरलं. कोणी ओल्या केसांनी, कोणी अनवाणी. मीनलचा लॅपटॉप खांद्याला होता म्हणून वाचला. आमचे पासपोर्ट कपाटात राहिले.

मादाम निघेनात. त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी टेबलाची कड धरली. गॅसवर सूप होतं. अधिकारी बाई समजावत होती, एक जवान त्यांना उचलायला पुढे झाला तशी मादामनी त्याच्या हातावर चापटी मारली. ताई त्या सगळ्यांच्या मधून आत गेल्या. त्यांनी आधी गॅस बंद केला. मग खुंटीवरचा कोट काढला, मादामच्या हातांत एकेक बाही घातली आणि समोर वाकून खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली. सावकाश, एकही न चुकवता. मी दारात उभी होते आणि माझ्या पाठीमागे भिंत झरत होती.

"चाल बाई," ताई म्हणाल्या. "म्या बी चालली. आपुन दोघी चालू. चाल."

मादाम उठल्या.

चौकात वाट अडवणाऱ्या पट्ट्या बांधून आम्हाला पलीकडच्या कमानींखाली उभं केलं. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. घर उन्हात जसंच्या तसं उभं. लोक कुजबुजायला लागले. पावाच्या दुकानाचा मालक हात कमरेवर ठेवून घराकडे बघायचा आणि मग आमच्याकडे. मीनल खाली मान घालून होती. एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, ती इथे लिहिते. त्या अर्ध्या तासात एकदा माझ्या मनात आलं, पडावं. मी खोटी ठरू नये म्हणून पडावं. लगेच माझीच मला शिसारी आली.

तेवढ्यात ते पडलं.

आधी छपरावरची कबुतरं उडाली. मग एका खिडकीची काच फुटल्याचा बारीक आवाज. मग मधली कमान वाकली, गुडघ्यात वाकावी तशी, आणि वरचं सगळं तिच्यावर बसलं. मला वाटायचं इमारत कोसळते म्हणजे स्फोटासारखा आवाज होत असेल. तसा नव्हता. लांबलचक, जड उसासा होता. एखाद्याला पाण्याचा पेला प्यायला लागेल तेवढ्या वेळात चारशे वर्षं खाली आली. मग पिवळी धूळ आमच्यावरून गेली आणि कोणाला कोणी दिसेना.

धूळ बसली. शेजारच्या छपरांवरून दगडाची एकेक पाटी सुटून फरशीवर फुटत होती, तेवढाच आवाज. शेजारची दोन्ही घरं उभी होती, आणि मध्ये आभाळ. पावाच्या दुकानदारानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मीनलनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे वळ होते.

मादाम काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"माझं सूप," मीनल म्हणाली आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली.

शाळेची खेळखोली

आम्हाला एका शाळेच्या खेळखोलीत नेलं. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव तिथे लोटलं. पाव, चीज, उकडलेली अंडी, कपड्यांच्या पिशव्या. आपल्याकडे अशा वेळी लोक येऊन गळ्यात पडतात, कसं झालं, काय काय गेलं, पहिल्यापासून सांगा म्हणतात. इथे कोणी काही विचारत नव्हतं. ताई बघत होत्या.

"कमाल हाय बाप्पा. रडत नाईत, इचारत नाईत. येतात आन चपलेचा नंबर इचारतात."

ताईंचं लुगडं धुळीनं पिवळं झालं होतं. त्यांना एक निळा ट्रॅकसूट मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातलेल्या ताई त्या रात्री खेळखोलीच्या टोकापासून टोकापर्यंत चालून आल्या आणि म्हणाल्या, "पेरणीले बरी हाय ही." मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा तरुण अभियंता आला. चीर कुठून कुठे गेली होती, ते त्याला हवं होतं. मी कागद मागितला आणि जिन्याचा उभा छेद-नकाशा काढून दिला. पायऱ्या, वळण, मादामचं दार, चीर, पट्टी. रेघ सरळ आली. त्यानं विचारलं, तुम्ही अभियंता का?

"नाही," मी म्हटलं. "मी रेघा ओढते."

मीनलनं भाषांतर केलं. तो हसला नाही. त्यानं माझं नाव विचारून घेतलं, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं. तळघराखालची जुनी पाण्याची नळी किती दिवस झिरपत होती कोण जाणे, तिनं खांबाखालची माती धुऊन नेली असावी, असं तो म्हणाला. पक्कं कारण अजून शोधताहेत. दाराशेजारच्या त्या पितळी पाटीनं वरच्या खिडक्यांचा रंगसुद्धा जपला होता. खाली मातीत कोणी पाहिलं नव्हतं.

मादाम आमच्याशी बोलत नव्हत्या. समोरच्या खाटेवर त्या कोट घालून बसून असायच्या. तिसऱ्या दिवशी मीनल त्यांना चहा द्यायला गेली तेव्हा त्या एकदम बोलायला लागल्या, मोठ्यानं, माझ्याकडे बोट करून. मीनलचा चेहरा उतरला.

"सांग," मी म्हटलं.

"म्हणतात... मला कोणी विचारलं का? माझा नवरा, माझी लग्नाची ताटं, माझं सगळं तिथे होतं. मी पण तिथेच असायला हवी होते. यांना कोणी अधिकार दिला?"

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या एका गोष्टीचा आधार धरून मी ते तीन दिवस काढले होते, तीच मादामनी हातातून काढून घेतली. मी बाहेर जाऊन शाळेच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं ताई शेजारी येऊन टेकल्या.

"बोलू दे तिले," त्या म्हणाल्या. "घर गेलं तिचं. कोनाले त बोलन. मेली असती त कोनालेच बोलली नसती."

मग त्या उठून आत गेल्या आणि मादामच्या खाटेवर जाऊन बसल्या. मादामनी तोंड फिरवलं. ताई बसून राहिल्या. कोणीतरी ठेवून गेलेल्या शेंगांची टोपली त्यांनी मांडीवर घेतली आणि एकेक सोलायला लागल्या. शेवटच्या मूठभर शेंगा उरल्या तेव्हा मादामनी हात पुढे केला.

निघायच्या दिवशी

पॅरिसला जाऊन वकिलातीतून परतीचे कागद आणले, त्यात दोन दिवस गेले. विमान संध्याकाळचं होतं. सकाळी मादाम मीनलला म्हणाल्या, मला चौकात घेऊन चल. पडल्यापासून त्या तिकडे गेल्या नव्हत्या.

आम्ही चौघी गेलो. कुंपणाच्या आत माणसं काम करत होती. मला वाटलं मलबा ट्रकात भरत असतील. पण त्यांनी पिवळे दगड एकेक करून वेगळे काढले होते, ब्रशनं पुसले होते आणि प्रत्येकावर खडूनं आकडा टाकून चौकाच्या फरशीवर ओळीनं मांडून ठेवले होते. पुन्हा तस्सं बांधायचं म्हणून. मी थक्क होऊन त्या आकड्यांकडे बघत राहिले. ताईंनीही बघितलं आणि धुऊन वाळवलेल्या लुगड्याचा पदर डोक्यावर सारखा केला.

मादाम दगडांकडे बघत नव्हत्या. त्या मान वर करून त्या मोकळ्या जागेत काहीतरी शोधत होत्या. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांचे ओठ हलायला लागले.

"काय झालं?" मी मीनलला विचारलं.

"म्हणतात, माझी खिडकी कुठे होती ते मला सापडत नाहीये."

ताईंनी मादामच्या पाठीमागे जाऊन त्यांचे दोन्ही खांदे धरले, त्यांना थोडं उजवीकडे वळवलं आणि स्वतःचा हात त्यांच्या गालाशेजारून पुढे लांब केला.

"ते शेजारच्या घराची मधली खिडकी पाह्य," ताई वऱ्हाडीत म्हणाल्या. "तिच्या लायनीत ये इकडं. इकडं... अजून. थांब. तिथं. तिथं होती तुही खिडकी. तिथं आपुन बसो."

मादाम ताईंच्या बोटाच्या टोकाशी डोळे लावून हळूहळू पुढे सरकल्या. मग थांबल्या. त्यांनी होकारार्थी मान हलवली. "वी," त्या म्हणाल्या. "वी, वी."

आणि मग आम्ही चौघी बराच वेळ तिथे उभ्या राहून त्या मोकळ्या हवेकडे बघत राहिलो.